सेना म्हणजे केवळ पराक्रम नव्हे

लेण्याद्रीस गिरिजात्मजाच्या दर्शनास जाणारे लोक पायऱ्या चढतांना देवाकडे लक्ष ठेवून असतात. उतरतांना मात्र त्यांची दृष्टि आपोआप समोरच्या शिवनेरीकडे वळते. मध्यें कुकडीचें खोरें, त्यापलीकडे जुन्नर शहर, आणि त्याच्या पाठीशीं शिवरायांचें जन्मस्थान. बरोबरच्या मुलांस बोटानें गड दाखवून आपण जिजाबाईंची, पाळण्याची आणि तरवारीची गोष्ट सांगतों. गोष्ट चांगलीच आहे. परंतु तीवरून मुलांची अशी समजूत होते कीं, सैन्य म्हणजे शूर माणसांचा एक जमाव आणि त्याच्या अग्रभागीं एक थोर सेनापति. या महिन्यांत वाचकांपुढें या समजुतीचाच थोडा विचार मांडावयाचा आहे.

शूर माणसांची महाराष्ट्रांत कधींच वाण नव्हती. निजामशाहींत आणि आदिलशाहींत मराठे सरदार मोठमोठीं पथकें बाळगून होते. उणीव होती ती निराळीच. पथक सरदाराचें असे, घोडा सरदाराचा असे, आणि शिपायाच्या हातावर पगारही सरदारच ठेवी. सरदार रुसला कीं त्याच्यामागून सारें पथक दुसऱ्या दरबारीं जाई. अशा सैन्यास राज्याचें सैन्य म्हणतां येत नाहीं. ती निरनिराळ्या घराण्यांच्या बळाची बेरीज होय. शिवरायांनीं जें नवें केलें तें येथें. सैन्याच्या पोटगीसाठीं मुलूख तोडून देण्याची चाल त्यांनीं होतां होईल तों बंद केली, आणि वेतन खजिन्यांतून देण्याचा परिपाठ घातला. घोडदळांत सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. पैकीं शिलेदारांस त्यांनीं सरकारी पागेच्या हुकुमतींत ठेवलें. घोडा कोणाचा आणि पगार कोणाचा, या दोन साध्या प्रश्नांच्या उत्तरांत राज्याचें स्थैर्य सांठवलेलें असतें.

राजारामांच्या कारकीर्दींत लिहिलेल्या सभासदाच्या बखरींत या सैन्याची मांडणी दिली आहे. पायदळांत दहाजणांवर एक नाईक, पांच नाइकांवर एक हवालदार, दोनतीन हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी आणि सर्वांवर सरनोबत. घोडदळांत पंचवीस बारगिरांवर हवालदार, पांच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. शिवाय दर पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी आणि एक नालबंद, आणि जुमलेदाराजवळ हिशेब ठेवणारा कारकून. पखालजी आणि नालबंद यांचे पोवाडे कोणी गात नाहीं. पण तहानेलेला घोडा आणि नाल निघालेला घोडा रणांत सारखेच निरुपयोगी, हें ज्याला कळलें त्यालाच सैन्य कळलें. १६५७ सालीं शिवरायांनीं रातोरात तट चढून याच जुन्नरावर छापा घातला तेव्हां होनांबरोबर दोनशें घोडेही नेले, यांतलें मर्म हेंच. मात्र ज्या शिवनेरीवर ते जन्मले तो गड त्यांच्या हयातींत त्यांच्या हातीं आला नाहीं, हेंही मुलांस सांगावें. चांगल्या सैन्यासही सर्वच साध्य होत नसतें.

नाणेघाटाच्या वाटेवरचे जीवधन, चावंड, हडसर पाहिले म्हणजे गडांचें महत्त्व निराळें सांगावें लागत नाहीं. असा एक गड फितला तर सारी घाटवाट गेली. म्हणून शिवरायांनीं कोणताही गड एका माणसाच्या भरंवशावर सोडला नाहीं. हवालदार, सबनीस आणि सरनोबत या तिघांनीं मिळून कारभार पाहावा, आणि कोठारें कारखाननिसाकडे असावीं, अशी योजना होती. शत्रूस दरवाजा उघडून देणें एकट्याच्या मर्जीनें होऊं नये, हा त्यांतील हेतु.

सैन्यावर असा अंकुश केवळ शत्रूसाठीं लागतो असें नव्हे. तो स्वतःच्या रयतेसाठीं अधिक लागतो. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळुणाजवळच्या छावणींतील अधिकाऱ्यांस महाराजांनीं पाठविलेलें पत्र प्रसिद्धच आहे. दाणावैरण आतांच उधळलीत तर पावसाळ्यांत घोडीं मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरांतून धान्य, गवत, भाजीपाला ओढूं लागाल, आणि रयतेस मोगल बरे वाटूं लागतील, असा त्यांतील आशय आहे. उंदरानें दिव्याची पेटती वात नेऊन गवताची गंजी पेटेल, इतकी बारीक सूचनाही त्यांत आहे. उलट उदाहरण पानिपताचें. १७६१ सालीं तेथें शौर्यास तोटा नव्हता. तोटा होता दाण्याचा. लढवय्यांच्या जोडीला यात्रेकरू, बायकामुलें आणि बाजारबुणगे यांचा मोठा समुदाय होता, रसद तुटली होती, आणि उपाशी सैन्यास १४ जानेवारीस मैदानांत उतरावें लागलें.

आतां आजच्या सेनेकडे पाहूं. अमरकोशांत सेनेची गणती पत्तीपासून आहे : एक हत्ती, एक रथ, तीन घोडे, पांच पायदळ. पुढें प्रत्येक पायरीस तिप्पट करीत सेनामुख, गुल्म, गण असें चढत अनीकिनी होते, आणि दहा अनीकिनींची अक्षौहिणी. मौज अशी कीं, आजच्या भूसेनेंतही बहुतेक तिनाचाच हिशेब चालतो. दहाएक जवानांचें सेक्शन, त्यावर हवालदार. तीन सेक्शनांचें प्लाटून, तीन प्लाटूनांची कंपनी, आणि चार लढाऊ कंपन्या व त्यांचें साह्यकारी दल मिळून सुमारें आठशें माणसांची पलटण. तिचा अधिपति कर्नल. तीन पलटणींची ब्रिगेड, साधारणतः तीन ब्रिगेडींची डिव्हिजन, त्यावर कोअर, आणि त्याहीवर कमांड. पुण्यास जें दक्षिण कमांडचें मुख्य ठाणें आहे, तें या शिडीच्या वरच्या टोकाचें होय. खालच्या टोकाशीं नाईक, हवालदार, सुभेदार हे आपले जुने शब्द अद्याप नांदत आहेत. कोणाही माणसास हजार माणसें सांभाळतां येत नाहींत. दहा मात्र सांभाळतां येतात. कोणास ताप आहे, कोणाच्या घरून वाईट पत्र आलें, कोण भ्यालेला आहे, हें त्या दहांवरचा माणूस जाणतो. सारी सेना या ओळखीवर उभी असते.

पखालजी आणि नालबंद यांचे वारसही आहेतच. पूल बांधणारे इंजिनियर, संदेश पोंचविणारें सिग्नल दल, शिधा पुरविणारें सर्व्हिस कोअर, यंत्रें दुरुस्त करणारे कारागीर आणि वैद्य. खडकीचें बॉम्बे सॅपर्सचें केंद्र आणि १९४८ सालीं पुण्यास सुरू झालेलें सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय हीं जुन्नरापासून फार दूर नाहींत.

भूसेना, नौसेना आणि वायुसेना यांस आपआपले प्रमुख आहेत. १ जानेवारी २०२० पासून तिघांत मेळ राखण्यासाठीं संरक्षणदलप्रमुख हें पद आलें. पण सर्वोच्च सेनापतित्व राज्यघटनेनें राष्ट्रपतींकडे ठेवलें आहे. निर्णय लोकांनीं निवडलेलें मंत्रिमंडळ घेतें, आणि पैसा संसद मंजूर करते. कौटिल्यानें राज्याचीं सात अंगें मोजतांना दंडाच्या, म्हणजे सैन्याच्या, आधीं कोश सांगितला, तो उगीच नव्हे. ज्याच्या हातीं शस्त्र त्याच्या हातीं कोशाची किल्ली नसावी, हा गडावरच्या तिघांचाच न्याय मोठ्या प्रमाणावर आहे.

सेनेचें पहिलें काम सीमेचें रक्षण. आपत्तींत नागरी अधिकाऱ्यांनीं हांक मारली तर ती धांवून येते. १९९३ सालीं किल्लारीच्या भूकंपांत ती आली होती. मात्र गणवेश दिसला कीं तो लष्कराचाच, असें समजूं नये. ३० जुलै २०१४ रोजीं आपल्या शेजारच्या आंबेगांव तालुक्यांत माळीण गांव दरडीखालीं गाडलें गेलें आणि दीडशेंहून अधिक माणसें गेलीं. तेथें दिवसानुदिवस चिखल उपसणारे राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाचे जवान गृहखात्याच्या अधीन होते. प्रत्येक संकटांत लष्करच लागावें, असें राज्य सुव्यवस्थित नव्हे. पोलीस, आपत्तिदल आणि सेना यांचीं कामें वेगळीं असणें हेंच निरोगी राज्याचें लक्षण.

शेवटीं आपल्या घरांविषयीं दोन शब्द. आपण सुशिक्षित म्हणविणारे लोक लढायांच्या तिथ्या मुखोद्गत करतों, आणि शिपाई व्हावयाचें काम मात्र दुसऱ्याच्या मुलाचें समजतों. खडकवासल्याची प्रबोधिनी आपल्याच जिल्ह्यांत आहे, आणि २०२२ पासून तींत मुलींसही प्रवेश आहे. घरांतील मुलानें वा मुलीनें तिकडे जाण्याचा विचार बोलून दाखविला तर पोवाड्यांतील आवेशानें भरीस घालूं नये आणि भयानें मोडताही घालूं नये. हें काम काय आहे तें समजावून सांगावें, आणि निवड त्याची त्याला करूं द्यावी.

दुसरी गोष्ट याहून निकडीची आहे. २०२२ सालीं सुरू झालेल्या अग्निपथ योजनेंत जवानांची भरती चार वर्षांसाठीं होते, आणि त्यांतील फार तर चौथा हिस्सा पुढें कायम ठेवावयाचा आहे. म्हणजे कित्येक तरुण पंचविशीच्या आंतच शिस्त शिकून आणि गांठीस थोडी रक्कम घेऊन गांवीं परततील. त्यांच्यासाठीं स्वागताची कमान उभारणें सोपें. त्यांस काम देणें, अपुरें शिक्षण पुरें करण्यास हात देणें आणि आपल्या बरोबरीचा मान देणें कठीण. आपल्यापैकीं कोणाची पेढी आहे, कोणाचा कारखाना, कोणी शाळेच्या मंडळावर आहे. सैन्याची शिडी वरून राष्ट्रपतींपर्यंत जाते, पण तिचा पाय आपल्या गांवांत टेकलेला आहे. तो पाय घट्ट ठेवणें हें शस्त्र न धरणाऱ्यांचें कर्तव्य होय.