शिंगे रंगवून बैल पळत नाही

अमेरिकेतल्या माझ्या पुतण्याने ऑटोक्रॉससाठी जुनी माझदा मियाटा घेतली. मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडतात, एकेक गाडी वेळ लावून सोडतात. पठ्ठ्याने आधी काय केले? दणदणीत आवाजाचा सायलेन्सर बसवला! अहो, एससीसीएच्या नियमात शंकू पाडला की दोन सेकंद दंड. आवाज काय शंकू चुकवणार? याने तीन पाडले, सहा सेकंद गेली.

पैसे घालायचेच तर टायरात घाला. चाकांचे नट आवळा, बॅटरी हलते का बघा, ब्रेक पॅड तपासा, डिकीतले सुटे सामान काढा. उरलेल्या पैशांत चार स्पर्धांची फी भरा, हात तरी बसेल.

फोनवर सांगितले, तर म्हणतो, "काका, तुम्ही कधी स्कूटरसुद्धा चालवली नाहीत."

नाही चालवली. पण वहीला झकपक कव्हर आणि आत गृहपाठ कोरा, अशी मुले आयुष्यभर तपासली आहेत.