यझीद, करीमदाद आणि आपण

सआदत हसन मंटो यांची 'यझीद' ही कथा आमच्यापैकी काहींनी पदव्युत्तर वर्गात अनुवादातून अनेकदा शिकवली आहे. 'टोबा टेकसिंग' आणि 'खोल दो' यांच्या सावलीत ती काहीशी झाकोळून जाते. करीमदादचा बाप दंगलीत मारला गेला आहे. गावात वार्ता येते की हिंदुस्थान नद्यांचे पाणी बंद करणार. लोक नेहरूंना शिव्या घालू लागतात, तेव्हा करीमदाद त्यांना अडवतो. शत्रूकडून सौजन्याची अपेक्षाच का करावी, आणि शिवी ही तर उत्तर न सुचलेल्याची भाषा, असे त्याचे म्हणणे. पुढे त्याला मुलगा होतो आणि तो त्याचे नाव यझीद ठेवतो. करबलात ज्याच्या सैन्याने पाणी अडवले त्याचे. हा यझीद मात्र पाणी मोकळे करील, अशी त्याची आशा.

या कथेमागे इतिहास आहे. १ एप्रिल १९४८ रोजी पूर्व पंजाबने पाकिस्तानात जाणाऱ्या कालव्यांचे पाणी तोडले. ४ मेच्या समझोत्याने ते पुन्हा सुरू झाले. या धसक्यातूनच पुढे जागतिक बँकेच्या मध्यस्थीने १९ सप्टेंबर १९६० रोजी कराची येथे सिंधू जलकरार झाला. रावी, बियास, सतलज भारताकडे. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानकडे. १९६५, १९७१ आणि १९९९ अशी तीन युद्धे या कराराने पचवली. पहलगाम येथे २६ जणांची हत्या झाल्यावर, २३ एप्रिल २०२५ रोजी, भारताने तो स्थगित ठेवल्याचे जाहीर केले.

त्या हत्याकांडाने आलेला संताप आमचाही होता व आहे. करार निर्दोष होता, असेही आम्ही म्हणत नाही. त्याने नद्यांची वाटणी केली, पण खोऱ्याचा एकत्र विचार केला नाही. वितळणाऱ्या हिमनद्या, उपसले जाणारे भूजल यांना त्यात स्थान नाही. जम्मू-काश्मीरच्या जनतेची त्याविषयीची तक्रार जुनी आहे. फेरबदलाची रीतसर मागणी भारताने जानेवारी २०२३ मध्येच केली होती, आणि ती रास्त होती.

आमचा आक्षेप आहे तो त्यानंतर आपल्याकडे रूढ झालेल्या भाषेला. 'तोटी बंद केली', 'थेंबाथेंबासाठी तडफडवू' असे शब्द चर्चांतून ऐकू येऊ लागले. मुळात अशी तोटी अस्तित्वातच नाही. पश्चिमेकडील नद्यांवर भारताची साठवणक्षमता तुटपुंजी आहे. बगलिहार आणि सलाल ही वाहत्या पाण्यावर वीज निर्माण करणारी धरणे आहेत. पाणी कायमचे अडवता येत नाही; ते सोडण्याची वेळ बदलता येते, माहिती रोखता येते. पेरणीच्या दिवसांत तेवढ्यानेही नुकसान होते, आणि ते होते शेतकऱ्याचे. कट रचणाऱ्याच्या घरचा माठ रिकामा होत नाही. पाणी नाकारणे म्हणजे काय, हे महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहाचा इतिहास शिकवणाऱ्या मराठीच्या अध्यापकांना तरी निराळे सांगावे लागू नये.

आणि आपण काही सर्वत्र वरच्या अंगाला नाही. ब्रह्मपुत्रेच्या बाबतीत वर चीन आहे. डोकलामच्या वर्षी, २०१७ मध्ये, त्याने पाण्याची आकडेवारी दिली नव्हती, तेव्हा आपण तक्रार केली होती. जुलै २०२५ मध्ये तिबेटात यारलुंग त्सांगपोवरील महाकाय प्रकल्पाचे काम सुरू झाले. खालच्या काठाचे हक्क आसामसाठी मागायचे आणि पंजाब-सिंधसाठी नाकारायचे, हे कोणत्या तर्काने? करार मोडणाऱ्याच्या तक्रारीला वजन उरत नाही.

'यझीद'चे वाचन आपल्याकडे बहुधा 'मानवतावाद' या एका शब्दात आटोपले जाते. करीमदाद तेवढा भाबडा नाही. तो शत्रूला शत्रूच म्हणतो. फक्त शिवीत समाधान मानायला नकार देतो. आज ती कथा आपण दुसऱ्या काठावरून वाचतो आहोत, ही जाणीव वर्गात झाली की क्षणभर शांतता पसरते. असो.

ऑगस्ट २०२५ मध्ये तावीला पूर आला, तेव्हा भारताने पाकिस्तानला सूचना दिली. ती सिंधू आयोगामार्फत न देता उच्चायुक्तालयामार्फत, माणुसकीच्या भूमिकेतून दिली. दिली हे उत्तमच झाले. परंतु माणुसकी म्हणून दिलेली सूचना ही देणाऱ्याची मर्जी असते, करारान्वये दिलेली सूचना हे कर्तव्य. नव्या वाटाघाटी कितीही कठोरपणे व्हाव्यात, पण पुराची माहिती आणि पाणी सोडण्याच्या वेळा त्यांच्या ओलीस राहू नयेत, एवढे तरी आपण आपल्याच सरकारकडे मागितले पाहिजे. नदीकाठी झोपलेल्या माणसाचा जीव कोणाच्या मर्जीवर नसावा.