रस्ते झाले, रस्त्यावरच्या नागरिकाचे काय?

सन २०२३ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,७२,८९० माणसे मृत्युमुखी पडली. हा आकडा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानेच दिला आहे. दिवसाला सरासरी ४७४ बळी! सीमेवर एका दिवसात एवढी माणसे पडली असती, तर सारा देश पेटून उठला असता. येथे मात्र वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते आणि ‘काळाचा घाला’ असे म्हणून आपण सारी जबाबदारी यमराजाच्या माथी मारून मोकळे होतो. हा काळाचा घाला नव्हे. हा आपल्या बेशिस्तीचा आणि शासकीय अनास्थेचा घाला आहे.

एके काळी याचे खापर रस्त्यांवर फोडता येत असे. अरुंद, खड्डेमय, एकपदरी रस्त्यांचा हा देश होता. अटलजींच्या काळात हे चित्र पालटू लागले. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता यांना जोडणारा ५,८४६ किलोमीटरचा सुवर्ण चतुष्कोन आखला गेला. २५ डिसेंबर २००० रोजी पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू होऊन पक्का रस्ता खेड्यांपर्यंत पोहोचू लागला. महाराष्ट्रात २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णत्वास गेला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग सलग खुला झाला. कोणाही भारतीयाला अभिमान वाटावा अशीच ही कामगिरी आहे. पण २००१ साली या देशात रस्त्यांवर सुमारे ८१ हजार माणसे मेली होती. रस्ते सुधारले आणि बळी दुपटीहून अधिक झाले! वाहने वाढली हे खरे. परंतु वाहनांची वाढ म्हणजे माणसे मारण्याचा परवाना नव्हे.

आता ‘एवढा खंडप्राय देश, एवढी लोकसंख्या, येथे असे चालायचेच’ हा युक्तिवाद पाहू. तो ऐकायला शहाणपणाचा, पण मुळात पळपुटा आहे. राष्ट्रीय महामार्ग हे देशातील एकूण रस्त्यांच्या दोन-अडीच टक्केच आहेत. मात्र २०२२ मधील मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के मृत्यू त्यांवर झाले. म्हणजे मृत्यू देशभर अस्ताव्यस्त विखुरलेला नाही. तो ठरावीक पट्ट्यांवर दबा धरून बसला आहे. मग देशाच्या विस्ताराची सबब कशाला? त्याच वर्षीच्या मृत्यूंपैकी ७० टक्क्यांहून अधिक मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदवले गेले. वेगाला तर लोकसंख्या लागत नाही. एक उतावीळ पाय पुरतो.

शासनाला आणि प्रशासनाला येथे मोकळे सोडता येणार नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले आणि २०२४ साल सरले तरी ते अपुरेच होते. या काळात सर्व पक्षांची सरकारे आली आणि गेली. गणपतीला गावी निघालेल्या कोकणी माणसाने मात्र दरवर्षी तेच खड्डे मोजले. इच्छा असेल तर काय होते, तेही याच मार्गावर दिसले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह पुरात गेल्या. आणि पुढच्या जूनमध्ये तेथे नवा पूल उभा राहिला. तेव्हा प्रश्न क्षमतेचा नाही, नियतीचा तर नाहीच नाही. प्रश्न आहे तो नियतचा.

सुवर्ण चतुष्कोनाच्या कामातील भ्रष्टाचार थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवणारे तरुण अभियंता सत्येंद्र दुबे यांची २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे हत्या झाली. रस्त्याच्या थरातून चोरलेले डांबर कोणाच्या तरी रक्ताने भरून निघते, याचे याहून जळजळीत उदाहरण कोणते? २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्याने सदोष रस्ता बांधणाऱ्या ठेकेदारावर दंड बसवला; पण त्याची कमाल मर्यादा अवघी एक लाख रुपये. कोट्यवधींच्या ठेक्यात ही रक्कम म्हणजे चहापाण्याचा खर्च! परिवहन कार्यालयाबाहेरचा दलाल आठ आकडा न काढताही परवाना मिळवून देतो, हे तर शेंबडे पोरही जाणते.

परंतु खरी टोचणी पुढेच आहे, आणि ती आपल्याला आहे. २०२२ साली हेल्मेट न घातलेले सुमारे ५० हजार जण प्राणांस मुकले. तरीही जानेवारी २०१९ मध्ये पुण्यासारख्या सुविद्य नगरीत हेल्मेटसक्तीविरुद्ध आंदोलन झाले! स्वातंत्र्य कशासाठी मागावे, याचेही काही तारतम्य हवे. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथराव मुंडे यांचा मोटार अपघातात अंत झाला. ते मागच्या आसनावर बसले होते. तो दिवस आठवून आजही आपले डोळे पाणावतात. पण मोटारीत मागे बसताना आपल्यापैकी किती जण पट्टा लावतात?

मोटारीच्या काचेवर भगवा आणि तिरंगा, मुखी भारतमातेचा जयघोष, आणि गाडी मात्र उलट्या दिशेने! ही कसली राष्ट्रभक्ती? २०२२ च्या मृतांमध्ये सुमारे ४४ टक्के दुचाकीस्वार होते, तर १९ टक्के पादचारी. म्हणजे आपल्या बेदरकारपणाची किंमत मोजतो तो दूधवाला, सायकलवरून दुचाकीवर आलेला मजूर, शाळेत निघालेले पोर. ज्या समाजाला आपण संघटित करू म्हणतो, तो हाच समाज आहे. त्याला चिरडत पुढे जाणाऱ्याने समाजसंघटनेची भाषा करू नये.

यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. दुचाकी फेरीत एकही स्वार हेल्मेटविना नसेल, हा दंडक प्रत्येक आयोजकाने घालावा. सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्या बापाला शेजाऱ्याने टोकावे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलिसी त्रासापासून कायद्याचे संरक्षण आहे. तेव्हा बघ्यांच्या गर्दीतून पहिले पाऊल आपले पडावे. आणि ज्या वळणावर पुनःपुन्हा माणसे मरतात, त्या वळणाचा हिशेब लोकप्रतिनिधीला, तो आपल्या पक्षाचा असला तरी, भर सभेत विचारावा.

शिस्त संचलनात दिसते, हे उत्तमच. पण तिची खरी परीक्षा रात्री दोन वाजता, रिकाम्या चौकात, लाल दिव्यासमोर होते. तेथे जो थांबतो, तोच नागरिक.