दोष वार्ताहराच्या शिक्षणाचा नव्हे



पत्रकारांना नीतिमूल्ये नीट शिकवली तर वृत्तपत्रे पुन्हा स्वतंत्र होतील, हे आपल्या रविवारच्या लेखातील प्रतिपादन पटत नाही.

२००९च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावरचा एकच मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन मराठी दैनिकांत शब्दशः छापून आला होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उजेडात आणले. तीन कचेऱ्यांतल्या वार्ताहरांना एकाच वेळी नीतीचा विसर पडला, असे लेखकाला म्हणायचे आहे का? पुढे प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी अशा ‘पेड न्यूज’वर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, नावांनिशी अहवाल दिला. तोही कौन्सिलने दडपला. २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर तो बाहेर आला.

‘मोह पगारदारांना होतो’ हे लेखातले विधान तर वस्तुस्थितीला सोडून आहे. आमच्या आंबिवली-मोहन्यासारख्या भागात बातमी देणारा बहुधा पगारदार नसतोच. त्याला बातमीमागे तुटपुंजे मानधन आणि जाहिरातींवर कमिशन मिळते. नगरसेवकाच्या वाढदिवसाची अर्ध्या पानाची जाहिरात त्यानेच आणायची आणि त्याच नगरसेवकाच्या प्रभागातल्या फुटलेल्या गटारावर त्यानेच लिहायचे! पगाराचेच बोलायचे तर, पत्रकारांसाठीच्या मजिठिया वेतन आयोगाची वेतनश्रेणी कंत्राटी पत्रकारांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. लेखात त्याचा उल्लेखही नाही.

आपल्या दैनिकात स्थानिक वार्ताहरांना जाहिरातींचे टार्गेट दिले जाते का, याचे उत्तर याच स्तंभात छापावे.

– एक वाचक, आंबिवली