मंदिराची रोजची झाडलोट



रविवारी उपासनेत आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते, तेव्हा वाचली जाणारी यादी आपण सगळेच ऐकतो. कुणाची साखर वाढली आहे, कुणाचे बीपी, कुणाचे गुडघे, कुणाची अँजिओप्लास्टी. पूर्वी या यादीत बहुतेक आजी-आजोबांची नावे असत. आता चाळिशीतल्या भावा-बहिणींचीही असतात. आपण मनापासून आमेन म्हणतो आणि बाहेर चहाच्या टेबलाशी येतो. गोड चहा, खारी, कुणाचा वाढदिवस असेल तर केक, बेळगावात तर कुंदाही. मग पाच-सात मिनिटांच्या अंतरावरच्या घरी स्कूटरवरून जातो. तो चहा आम्ही स्वयंसेवकच वाटतो, तेव्हा हा विषय आमच्याकडूनच निघालेला बरा.

आमचे म्हणणे एवढेच आहे: बरे होण्यासाठी आपण एकत्र प्रार्थना करतो, तर निरोगी राहण्याची खटपटही एकत्रच केली पाहिजे. ती ज्याच्या त्याच्या सवडीवर सोडली की ज्यांना सवड नाही ते मागे राहतात.

यावर काही जण पौलाचे नाव पुढे करतात. शरीराच्या कसरतीचा उपयोग थोडाच, असे त्याने तीमथ्याला लिहिले आहे ना? लिहिले आहे. पण थोडा उपयोग म्हणजे उपयोगच नाही असे नव्हे. शिवाय त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल तीमथ्याच्या पोटाची आणि वारंवार होणाऱ्या दुखण्यांची काळजी करतो, उपाय सुचवतो. करिंथकरांस तर तो सांगतो की आपला देह पवित्र आत्म्याचे मंदिर आहे आणि तो आपल्या मालकीचा नाही. मंदिर म्हटले की आपल्याला सजावट आठवते, पण मंदिर टिकते ते रोजच्या झाडलोटीने. झाडलोटीला पैसे लागत नाहीत, फक्त ती रोज करावी लागते.

प्रश्न खरोखर मोठा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. प्रमाण सर्वांत जास्त आढळले ते गोव्यात, २६.४ टक्के. आपल्यातल्या कितीतरी घरांची सोयरीक गोव्यात आहे, त्यामुळे हा आकडा आपल्याला परका नाही.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रम करायला सांगते. मध्यम म्हणजे किती, याची एक सोपी खूण आहे: चालताना शेजारच्याशी बोलता यावे, पण गीत गाता येऊ नये. आरामात गीत म्हणता आले तर पाय थोडे उचला. १५० मिनिटे ऐकून घाबरू नका. रोज ३० मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, झाले. ती ३० मिनिटे सलग असावीत असेही नाही. दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडेही चालतात.

व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली सकाळी तासभर फिरता येते त्यांनी देवाचे आभार मानावेत. पण रात्रपाळी करून आलेल्या नर्सबाईंना, सकाळी सहाला दुकान उघडणाऱ्या भावाला, डबे करून बस गाठणाऱ्या शिक्षिकेला तो तास कुठून मिळणार? त्यांना नवा तास शोधायला सांगणे म्हणजे आणखी एक ओझे देणे. त्यापेक्षा जे आपण रोज चुकवत नाही, त्यालाच व्यायाम बांधावा. घरोघरी रात्री कुटुंबप्रार्थना होते. जेवण झाले की प्रार्थनेला बसण्याआधी सगळ्यांनी मिळून दहा-पंधरा मिनिटे चालून यावे. जेवणानंतर चालल्याने स्नायू रक्तातली साखर वापरतात आणि ती एकदम चढत नाही. पावसाळ्यात बेळगावचा पाऊस बाहेर पडू देत नाही, तेव्हा व्हरांड्यात किंवा जिन्यावर फेऱ्या मारता येतात.

सकाळच्या प्रार्थनेनंतर, हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठावे आणि बसावे. मांड्यांत बळ असले की उपासनेत गीताला उभे राहताना पुढचे बाक धरावे लागत नाही आणि पडण्याची भीतीही कमी होते. वयस्करांनी सुरुवातीला जवळ कुणीतरी असताना हे करावे. चहा उकळेपर्यंत ओट्याला हात लावून एका पायावर थोडा वेळ उभे राहावे, मग दुसऱ्या. तोल सांभाळण्याचा हाच सराव आहे.

इथे भगिनींविषयी बोललेच पाहिजे. 'घरकाम हाच आमचा व्यायाम' असे त्या म्हणतात. पाणी भरणे, फरशी पुसणे हे श्रमच आहेत. पण तासन्‌तास ओट्याशी उभे राहण्याने पाय सुजतात, छातीचे ठोके वाढत नाहीत. २०२४ साली 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार भारतात पुरेशी हालचाल न करणाऱ्या स्त्रिया सुमारे ५७ टक्के आहेत आणि पुरुष ४२ टक्के. याचे कारण आळस नव्हे. तिच्या वाट्याला स्वतःचा वेळच येत नाही. तेव्हा पती आणि मुलांनी रात्रीची भांडी घासावीत आणि आईला चालायला मोकळे करावे. मार्थेची तक्रारही हीच होती, की मदतीला कुणी उठत नाही. आपल्या घरात तरी तिला ती करावी लागू नये.

खाण्याबद्दल थोडेच सांगतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या सूचनांनुसार साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत आणि मीठ ५ ग्रॅमपर्यंत असावे. एक चमचा साखर साधारण ५ ग्रॅम धरली तर दोन चमच्यांचे तीन कप चहा ही मर्यादा ओलांडतात. दर महिन्याला अर्धा चमचा कमी करा, जीभ कुरकुर करून गप्प बसते. पापड आणि लोणचे यांतले एकच पानात वाढा.

आणि झोप. एलीया थकून झाडाखाली मरण मागत पडला होता. देवदूताने त्याला आधी बोल लावला नाही. भाकर दिली, पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, आणि मगच पुढच्या लांब वाटेला लावले. रात्री बारापर्यंत मोबाइलवर भक्तिगीतांचे व्हिडिओ पाहणे म्हणजे विश्रांती नव्हे.

मग मंडळीने काय करावे? आमच्या मते चार गोष्टी. उपासनेनंतर बिनसाखरेचा चहा वेगळ्या किटलीत ठेवावा आणि खारीशेजारी फुटाणे किंवा केळी असावीत, म्हणजे मधुमेही माणसाला सगळ्यांसमोर नकार द्यावा लागणार नाही. एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांनी रविवारी चालत यावे आणि वाटेतल्या एखाद्या एकट्या आजींना सोबत घ्यावे. मंडळीतल्या नर्स भगिनींची तयारी असेल तर महिन्यातून एका रविवारी बीपी आणि साखर तपासावी. चौथी गोष्ट तरुण संघासाठी: आजाऱ्यांच्या घरी प्रार्थनेला जाताना, शक्य तिथे, पायी जा. अम्माऊसची वाट सुमारे ११ किलोमीटरची होती, आणि प्रभू त्या दोघांना भेटला तो चालतानाच.

एक सावधगिरी. छातीत दुखत असेल, थोडे चालून धाप लागत असेल किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी फिरू नये, तळपाय रोज पाहावेत. आणि आजारी माणसाला 'तू व्यायाम केला नाहीस म्हणून' असे कुणीही ऐकवू नये. जन्मांधाला पाहून शिष्यांनी दोष कुणाचा असे विचारले, तेव्हा प्रभूने दोष शोधला नाही, त्याला दृष्टी दिली. नीट काळजी घेणारेही आजारी पडतात, आणि त्यांच्यासाठी आपली यादी चालूच राहील.

हे प्रभू, तू दिलेला हा देह तुझा आहे. तो तुझ्या सेवेसाठी जपायला आम्हांला रोजची थोडी निष्ठा दे, आणि थकलेल्यांचे ओझे वाटून घेणारे हात दे. आमेन.