हुंडाबळी प्रकरणांतील जामीन

हुंडाबळी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 80 खालील अजामीनपात्र गुन्हा आहे (पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे कलम 304-ब, 1986 मध्ये समाविष्ट). विवाहापासून 7 वर्षांच्या आत स्त्रीचा अनैसर्गिक मृत्यू झाला आणि त्याच्या थोडे आधी हुंड्यासाठी तिचा छळ झाल्याचे सिद्ध झाले, तर छळ करणाऱ्यानेच मृत्यू घडवला असे न्यायालयाला गृहीत धरावे लागते. हे गृहीतक मुळात खटल्याच्या निकालासाठी आहे. जामिनाच्या वेळी त्याला किती वजन द्यावे, हे कायदा सांगत नाही. वाद नेमका तेथेच आहे. दोषारोपपत्र दाखल झाले, आरोपी बराच काळ कोठडीत आहे, पूर्वीचे गुन्हे नाहीत, ही जामिनाची नेहमीची कारणे येथेही पुढे केली जातात.

3 मार्च 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने (न्या. विक्रम नाथ व न्या. संदीप मेहता) उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात सासू-सासऱ्यांचा जामीन रद्द केला. विवाहाला दोन वर्षेही झाली नव्हती. अशा गुन्ह्यात यांत्रिकपणे जामीन देण्याच्या पद्धतीवर खंडपीठाने टीका केली. नणंदांचा जामीन मात्र कायम राहिला, कारण त्यांच्यावरील आरोप तितके थेट नव्हते. घरातील सर्वांनाच आरोपी केले जाते अशा खटल्यांत हा भेद निकालाच्या पहिल्या भागाइतकाच महत्त्वाचा आहे.