परवाना एकाचा, जबाबदारी साऱ्या इमारतीची : अंधेरीकरांना जाहीर आवाहन



१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा जुहूच्या घरी प्रवासाला निघण्याच्या तयारीत होते. परवान्याचे रिव्हॉल्वर कपाटात ठेवताना ते हातातून निसटले आणि सुटलेली गोळी त्यांच्याच पायात घुसली. त्याच वर्षी ८ फेब्रुवारीला दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची गोळ्या झाडून हत्या झाली. त्यात वापरलेले पिस्तूल हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचे होते, असे पोलीस तपासात पुढे आले. एक अपघात, दुसरा खून. पण दोन्हीकडे कागदावर परवाना होता आणि शस्त्रावरचा ताबा सुटला होता.

आपल्या अंधेरीत सराफ आहेत, बांधकाम व्यावसायिक आहेत, सिनेमावाले आहेत, त्यांचे अंगरक्षकही आहेत. भिंतीला भिंत लागून आपण राहतो. कुणाच्या कपाटातली गोळी कुणाच्या घरात शिरेल, सांगता येत नाही. म्हणून हे कळकळीचे आवाहन.

परवानाधारकांनो,

१. शस्त्र झाकूनच न्या. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तूल वा रिव्हॉल्वर अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि पूर्णपणे आपल्या ताब्यात असले पाहिजे. ते टेबलावर ठेवणे, कमरेला दिसेल असे मिरवणे किंवा दाखवून धाक घालणे चालत नाही. परवाना सोबत ठेवा. पोलिसांनी मागितला की दाखवा. त्यावर लिहिलेल्या हद्दीबाहेर शस्त्र नेऊ नका.

२. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजा. नळी कुणाकडेही रोखू नका, चापावर बोट ठेवू नका. पिस्तुलाचे मॅगझिन काढले तरी चेंबरमध्ये एक काडतूस उरलेले असू शकते. स्लाइड मागे ओढून आत डोळ्यांनी पाहा. रिव्हॉल्वरचे सिलिंडर उघडून प्रत्येक घर तपासा. हे काम निवांत बसून करा. निघायच्या गडबडीत, झोपेत किंवा दारूच्या अमलाखाली शस्त्राला हातच लावू नका. निसटलेच, तर झेलायला जाऊ नका. बोट चापावर पडते ते तेव्हाच.

३. घरात शस्त्र रिकामे करून कुलपात ठेवा, काडतुसे दुसऱ्या कुलपात. किल्ली फक्त तुमच्याकडे. मुलांना लपवायची जागा ठाऊक नसते, हा आपला भ्रम आहे.

४. परवाना तुमच्या नावाचा आहे. मालक, भाऊ, मित्र यांच्या हाती शस्त्र 'जरा ठेव' म्हणून देऊ नका. अंगरक्षकांनो, हे विशेष करून तुम्हाला.

५. लग्न, वरात, मिरवणुकीत गोळीबार नको. वर झाडलेली गोळी खाली येतेच आणि इथे खाली कुणाची तरी गॅलरी असते. निष्काळजीपणे किंवा जल्लोषात गोळी झाडून कुणाचा जीव धोक्यात आणल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

६. शस्त्र हरवले वा चोरीला गेले, तर लगेच पोलीस ठाण्यात कळवा. परवान्याचे नूतनीकरण मुदतीत करा.

घरच्यांनो, परवानाधारक वारले की त्यांचे शस्त्र आठवण म्हणून विनापरवाना ठेवता येत नाही. वडिलांचे रिव्हॉल्वर कपाटात पडून असेल, तर विनाविलंब पोलीस ठाण्याशी संपर्क साधून रीतसर जमा करा. विनापरवाना शस्त्र बाळगणे हा गुन्हा आहे. त्याला दोन ते पाच वर्षांची शिक्षा होऊ शकते. घरातला कुणी खचलेला असेल, रागाने पेटलेला असेल, तर शस्त्र काही काळ घराबाहेर गेलेलेच बरे. त्यासाठीही पोलिसांशी बोला.

सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनो, हॉलचालकांनो, समारंभाच्या बुकिंगच्या वेळीच 'गोळीबार नाही' ही अट लेखी घ्या. कुणी शस्त्र उगारताना दिसल्यास स्वतः झटापटीत पडू नका. माणसे आत घ्या आणि ११२ वर फोन करा.

परवाना मिळतो तो स्वतःच्या रक्षणासाठी. आज रात्री दिवा मालवण्याआधी कपाटाचे कुलूप एकदा ओढून पाहा. भिंतीपलीकडे कुणाचे तरी लेकरू झोपलेले आहे.

आपला,
अंधेरीतील एक रहिवासी